रेशीम धुण्याची पूड

हे मी कुणालाच बोलले नाही. घरात आमच्या तंजावुरी मराठीत नाही, उंबऱ्याबाहेर तमिळमध्येही नाही. आज तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

कुंभकोणमजवळच्या एका कारखान्यात मी केमिस्ट. कच्चं रेशीम विणकरांकडे जाण्याआधी धुवावं लागतं, त्यावरचा चिकट थर काढायला. पूर्वी ते उकळत्या सोड्यात धूत. बायकांच्या हातांची सालपटं निघायची. मी एन्झाइमची पूड आणली. कोमट पाण्यातच थर सुटू लागला, हात बरे झाले. मालक सगळ्यांसमोर माझं कौतुक करायचे. आणि मला ते — फार आवडायचं.

पूड ओतायचं काम इन्नंबूरच्या सेल्वीकडे होतं.

"अक्का, हे आहे तरी काय?" तिनं एकदा विचारलं.

"विरजणासारखंच," मी म्हटलं.

खरं तर विकणाऱ्यानं मला बजावलं होतं — पूड नाकात जाऊ देऊ नका, दमा जडतो. मास्क मागितले असते तर मालक घाबरून पुन्हा सोड्याकडे वळले असते. एवढीच भीती होती का मला? की माझं कौतुक थांबेल ही?

सेल्वी खोकू लागली. सुटीच्या दिवशी मात्र बरी असायची. हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणजे मला कळलं होतंच, नाही का?

एकदा कामावरच तिला धाप लागली. मीच तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. कामावर कशाशी संबंध येतो, डॉक्टरांनी विचारलं. सेल्वीनं माझ्याकडे पाहिलं. "अक्कांना माहीत आहे."

"साबण," मी म्हटलं. "साधा साबण."

मग डॉक्टरांनी घरची चौकशी केली. दाराशी गाय आहे म्हटल्यावर, तिच्यामुळेच धाप लागत असेल म्हणून ती लांब ठेवायला सांगितलं. सेल्वीनं गाय तिरुविसनल्लूरला बहिणीकडे पाठवली. रडत पाठवली. आणि परत येऊन पूड ओतत राहिली — मी बघत राहिले.

ती काम सोडून घरी बसली, तेव्हा कुठे मी पुडीऐवजी पातळ, हवेत न उडणारं एन्झाइम मागवलं. मालकांना सांगितलं, मोजायला सोपं पडतं. त्याचंही कौतुक झालं.

परवा ती बाजारात दिसली. जरा चालली की थांबते, दम्याचा पंप तोंडाला लावते. माझा हात धरून, श्वास जुळवत म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तुम्ही होता म्हणून मी वाचले."

मी तिची पिशवी बसपर्यंत नेऊन दिली. तिनं पुन्हा आभार मानले — तेही मी घेतले.