बहिणीच्या कार्डाचा वेगळा सप्लाय

परभणीतला फोटो स्टुडिओ बाप गेल्यावर दोघा भावंडांकडे आला आणि भांडणही सोबतच आलं. थोरला सिद्धोधन लग्नांचं शूटिंग करी, धाकटी धम्मशीला त्यांचं एडिटिंग. संगणक एकच. तो सिद्धोधननं घेतलेला, हे तो कुणाला विसरू देत नसे.

फिल्म लवकर तयार व्हावी म्हणून धम्मशीलानं स्वतःच्या कमाईतून ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. पण कामानं वेग घेतला की संगणक गपकन बंद पडे. आतला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय अपुरा पडत होता. मोठा बसवू म्हणाली, तर भाऊ अंगावरच आला.

"माझ्या मशीनचा सप्लाय बदलायचा न्हाई. कार्ड तुझं हाय ना? मग त्याची वैरण तूच बघ."

"बघते," ती म्हणाली.

तिनं एक जुना सप्लाय मिळवून टेबलावर ठेवला. त्याच्या मोठ्या प्लगातली हिरवी तार काळीला जोडली की तो संगणकाविनाही चालू होई. त्याच्या तारा संगणकाच्या उघड्या डब्यातून आत नेऊन तिनं कार्डाला लावल्या. आधी बाहेरचा सप्लाय सुरू करायचा, मग संगणक. काम अडायचं थांबलं. सिद्धोधनला तेच खुपलं. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगे, "आमच्या बहिणाबाईनं मशीनमंदीच वेगळी चूल मांडलीय."

एकदा पेडगावचे मुंजाजी लेकीच्या लग्नाची फिल्म न्यायला येऊन बसले होते. काम संपतच आलं होतं. सिद्धोधन आत आला, त्यानं बाहेरच्या सप्लायचा प्लग उपटला आणि तिथं कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. पडदा काळा झाला.

"दादा, शेजारचं सॉकेट रिकामं होतं!"

"मला हेच पाहिजे होतं. दुकान माझं हाय."

मुंजाजी उठले. "तुमचं मिटलं की कळवा," म्हणत चपला घालून निघून गेले.

धम्मशीलाचा तोल सुटला. "बाबा दवाखान्यात होते तवा तू गावभर मिरवत होतास. तुझ्या हातात कॅमेरा दिला, हीच त्यांची चूक."

सिद्धोधननं हाताच्या फटकाऱ्यानं सप्लाय खाली पाडला.  धम्मशीलानं कार्ड काढलं, ओढणीत गुंडाळलं. दारात आई, कमलबाई, उभी होती.

"पोरी, बापाचं दुकान फोडू नको."

"तो फोडायलाय ते तुला दिसंना का, आई?"

कमलबाईंनी लेकाकडं पाहिलं आणि वाट सोडली.

धम्मशीलानं पिंगळीला खोली घेतली, हप्त्यांवर संगणक घेतला. मुंजाजींकडच्या शूटिंगची प्रत तिच्या पेनड्राइव्हवर होती; ती फिल्म तिनं पहिल्यापासून केली आणि स्वतः पेडगावला नेऊन दिली. इकडं सिद्धोधन सांगत सुटला, बहिणीनं दुकान धुऊन नेलं म्हणून. काही नातेवाइकांनी खरं मानलं.

पुढं चुलतभावाच्या लग्नात दोघं समोरासमोर आली. त्यानं ओळीनं सगळ्यांना जय भीम घातला आणि तिच्यापाशी येऊन मान वळवली. तिनंही हात जोडले नाहीत. तरी ती लग्नातून निघून गेली नाही. भावाच्या देखत पंगतीत बसली आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.