फॉस्फरसचे पाच देव

गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. आश्रमशाळेत मराठीतून दहावी केलेली मुलं अकरावीला येतात आणि सगळं विज्ञान एकदम इंग्रजीत अंगावर येतं. घरी गोंडी, शाळेत मराठी, त्यात हे डाय, ट्राय, टेट्रा. मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मी फळ्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात बारावीची एक मुलगी माझ्या घरी शिकायला यायची. बाकी विषय सुटले होते, फक्त रसायनशास्त्र राहिलं होतं. सकाळी घरच्यांसोबत तेंदूपत्ता तोडायची, दुपारी माझ्याकडे. तिला नर्सिंगला जायचं होतं. या वेळी सुटली नाही तर शिक्षण बंद, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. मोठी गणितं तिला जमत नव्हती, त्यामुळे सारी भिस्त नावं आणि सूत्रांच्या लहान प्रश्नांवर.

तीही पाठ होईनात. मग एक दिवस तिनेच वाट काढली. गोंडांची कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात: चार देववाले, पाच, सहा, सात. सारख्या देवांचे सगळे भाऊबंद, त्यांची आपसात सोयरीक होत नाही. तिने कार्बनला चार देव दिले, फॉस्फरसला पाच, गंधकाला सहा, आयोडीनला सात. जेवढे देव, तेवढे क्लोरीन नाहीतर फ्लोरीन जोडायचे आणि तोच आकडा नावात म्हणायचा. टेट्रा, पेंटा, हेक्झा, हेप्टा. पोरगी धडाधड सूत्रं लिहू लागली. मला इतका आनंद झाला की मी तिला दुसऱ्यांदा चहा पाजला.

मग आला डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. यात दोन नायट्रोजन एकमेकांना जोडलेले असतात. तिने दोघांना वेगळं केलं आणि लिहिलं, एन-ओ-टू.

“अगं, डाय म्हणजे दोन. नायट्रोजन दोन हवेत.”

“मले समजते, मॅडम. पण हे भाऊ-भाऊ होत. यायले आपसात कसं जोडाचं?”

हायड्रोजन पेरॉक्साइडचं तेच. ऑक्सिजनला ऑक्सिजन जोडायला तिचा हातच उचलेना. मी चित्रं काढली, मातीच्या गोळ्या काड्यांनी जोडून दाखवल्या. मी बौद्ध घरातली, आमच्या घरी देवच नाहीत, मी देवांचा हा तिढा काय सोडवणार! शेवटी माझा पारा चढला. “पेपर तपासणाऱ्याला तुमचे देव ठाऊक नसतात,” मी म्हटलं. ती रागावली नाही. नुसती मान हलवली आणि वही बंद केली.

जुलैतल्या फेरपरीक्षेचं केंद्र गडचिरोलीला होतं. पेपर सुटायच्या वेळी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली.

“एन-टू-ओ-फोर आला होता, मॅडम. बराबर लिवला.”

“शाब्बास! आणि बाकीची सूत्रं?”

ती चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली. “देव सारे काढून टाकले होते डोक्यातून. नाई तर तो लिवताच नसता आला. मंग फॉस्फरसले कितीक क्लोरीन, गंधकाले कितीक फ्लोरीन, काईच आठवून नाई राह्यलं. कोरंच सोडलं.”

मला रडू आलं. तिच्या डोक्यातून जे गेलं, त्याच्या जागी ठेवायला माझ्यापाशी काही नव्हतं. तेवढ्यात तिचे वडील मोटारसायकल ढकलत आले. धानाच्या रोवणीचा खाडा करून आले होते.

“लिवला का व पेपर?”

“लिवला, बाबा.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते माझ्याकडे वळले. “मंग मॅडम, नर्सिंगले इले कुठी टाकाचं? इथी का चंद्रपूरले?”

मुलगी माझ्याकडे बघत होती.

“इथेच बरं, भाऊ,” मी म्हटलं. “घरापासून जवळ पडेल.”