पहिल्या वर्गातलं मागणं

मी लिहायला बसलो आहे हेच थोडं आगाऊपणाचं आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. विमानप्रवासावर लिहिणारी माणसं वेगळी असतात. ती पुष्कळदा गेलेली असतात, त्यांना चार गोष्टींची तुलना करता येते. मी एकदा गेलो आणि एकदा परत आलो. येताना मागच्या दाटीत बसून आलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जाताना मात्र मी पहिल्या वर्गात होतो, लंडनपर्यंत. त्याबद्दल लिहिताना माझ्या शब्दांत तुच्छता येते. ती काढून टाकायचा प्रयत्न मी दोन वेळा केला. मग लिहिण्यासारखं काही उरेना, म्हणून राहू दिली.

आमची वाडी दिग्गीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जंगलात आहे. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत एक पायवाट जाते. शाळेची मुलं, रेशनचे तांदूळ, खुर्चीला बांबू बांधून न्यायचा आजारी माणूस, सगळं त्याच वाटेनं जायचं. रामनगरच्या एका व्यापाऱ्यानं त्या वाटेच्या दोन्ही अंगांची जागा घेतली आणि तिथं शहरातल्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट काढलं. त्याला आम्ही सगळे मालक म्हणतो. सुरुवातीला वाट चालू होती. मग पाहुण्यांना सकाळी खिडकीतून डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका दिसायला लागल्या, आणि त्यांच्या फोटोंत जंगल नीट येईना. मालकानं वाट मधे घेऊन कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप लावलं. तेव्हापासून वाडी ओढ्याच्या कडेनं वळसा घालून जाते. पावसाळ्यात ओढा चढला की मुलांची शाळा बंद.

वाडीतली निम्मी माणसं मालकाकडेच कामाला आहेत, कुणी बागेत, कुणी स्वयंपाकघरात. मालक पडवीत खुर्ची टाकून बसला की त्याच्यासमोर कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. हे मी दुसऱ्यांबद्दल सांगतो आहे असं समजू नये. माझंही तेच होतं.

मालकाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याला वाकता येत नव्हतं. लंडनला त्याच्या मुलीला मूल झालं, आणि नातू बघायला जायचंच असं त्यानं धरलं. डॉक्टर म्हणाले, एकट्यानं जायचं नाही. मग जावयानं पहिल्या वर्गाची दोन तिकिटं पाठवली, एक मालकाचं आणि एक मोजे चढवणाऱ्याचं. मी बेळगावला शिकतो, मला थोडं इंग्रजी येतं, सुट्टी होती आणि मी वाडीतला असल्यामुळं नाही म्हणणार नव्हतो. पासपोर्टपासून सगळी धावपळ मालकाच्या मॅनेजरनं केली.

निघायच्या आधी वाडीचे बुधवंत घरी आले. आमच्यात वाडीचा न्यायनिवाडा बुधवंतांच्या शब्दानं होतो. आम्ही पोरं त्यांना आज्जा म्हणतो. आज्जा म्हणाले, मालकाकडे वाटेचं मागणं घालायचं आहे आणि ते तू घालायचंस. त्याच्या पडवीत ते कुणाला जमत नाही. विमानात तो तुझ्या शेजारी दिवसभर बसणार.

"तितनं उठून जातोय कुटं?" ते म्हणाले, आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मागणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्या वाडीत कुणाकडून काही हवं असेल, मुलगी असो, बैलजोडी असो की जायला वाट, तर एक माणूस मागणं घेऊन जातो. उत्तर मिळेपर्यंत तो त्या घरचं अन्नपाणी घेत नाही. आधी पोटात घास गेला की तोंड बांधलं जातं, असं आम्ही मानतो. आणि मागणं घातल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, हेही त्यातच आलं. मी कॉलेजात शिकतो म्हणून हे हसण्यावारी नेलं नाही. मला फक्त एवढाच प्रश्न होता की विमानातलं जेवण कुणाच्या घरचं धरायचं. आज्ज्यांनी विचार केला आणि सांगितलं, ज्याच्या तिकिटावर ते ताटात येतं त्याच्या घरचं.

आईनं दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकी चटणी मी बेंगळुरूच्या विमानतळावर सकाळीच संपवली. पहिल्या वर्गाच्या लोकांसाठी तिथं बसायची वेगळी जागा असते. आत गेलो तर इडलीपासून दारूपर्यंत सगळं मांडलेलं, आणि सकाळच्या त्या वेळी माणसं पीत बसलेली. मी बाहेर येऊन नळावर बाटली भरून घेतली. नळ मालकाचा नव्हता.

विमानात डावीकडे वळायचं असतं. बाकीचे सगळे उजवीकडे जातात आणि जाताना तुमच्याकडे बघतात. पुढच्या भागात मोजक्याच खुर्च्या होत्या, आणि खुर्ची तरी कशी म्हणायची, प्रत्येकाला एक लहानशी खोली होती, सरकतं दार असलेली. आमच्या दोघांच्या मधला पडदा खाली घेता येत होता. बसल्याबसल्या विमानात कामाला असलेली एक बाई आली आणि मालकाच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसून बोलू लागली. मला वाटलं, काहीतरी पडलं म्हणून शोधते आहे. नंतर लक्षात आलं, ती सगळ्यांशीच तशी बोलत होती, डोळे आपल्या डोळ्यांच्या खाली ठेवून. देवळात आम्ही असे बसतो. इथं ती एका माणसाला अंडं किती उकडू ते विचारत होती.

मग भेटी आल्या. रात्रीचे कपडे, सपाता, मलमांच्या बाटल्या भरलेली पिशवी. सकाळचे आठही वाजले नसतील. मालकानं मला ते राखाडी कपडे त्याच्या अंगावर चढवायला लावले. त्यानं माझ्या वाटणीची मलमांची पिशवी स्वतःच्या बॅगेत टाकली, मागोमाग मिठाची आणि मिऱ्याची बारकी भांडीही टाकली. हा माणूस रिसॉर्टवर येणाऱ्यांना पॅकेजवाले म्हणून हिणवतो आणि त्यांनी टॉवेल नेला तर वाडीच्या बायकांवर ओरडतो.

माझ्यापुढच्या खोलीतल्या गृहस्थानं उशी परत केली, कारण ती मऊ होती. दुसरी आणली, ती कडक होती. पलीकडच्या बाईंनी चहा परत पाठवला, कारण तो चुकीच्या कपात आला होता. चहाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मी ओळखत नसलेल्या माणसांचा इतका राग मला यापूर्वी कधी आला नव्हता. जंगलात आम्ही अस्वलालाही वाट देतो, त्याचं काहीतरी कारण असतं म्हणून. इथं कुणाला कसलंच कारण नव्हतं.

जेवणाची यादी लग्नपत्रिकेसारख्या जाड कागदावर छापली होती. मी नको म्हणालो. गुडघ्यावर बसणारी ती बाई म्हणाली, शाकाहारी आहे, दुसरं आहे, फळं आहेत. मी सगळ्याला नको म्हणालो आणि बाटलीतलं पाणी प्यालो. तिला वाटलं मी आजारी आहे. थोड्या वेळानं तिनं आपल्या मनानंच भाताची एक वाटी आणून ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या अख्ख्या दालनात मला तुच्छता वाटली नाही अशी ती एकटीच. भाताला वास चांगला होता. मी झाकण लावून तो परत दिला.

मालकानं मधला पडदा खाली घेतला.

"काय रे, खाईत का न्हाईस? तुझ्या बापजन्मात असलं मिळालंय का?"

मी म्हणालो, पोट बरं नाही. तेव्हाच मागणं घालायला हवं होतं. मी तोंड उघडलंही, पण तो मासा खात होता, आणि खाताना जे बोटाला लागेल ते पांढऱ्या रुमालाला न पुसता खुर्चीच्या कातड्याला पुसत होता. मी त्या बोटांकडे बघत राहिलो आणि माझे शब्द गेले. खायच्या प्रत्येक गोष्टीचा त्यानं आधी फोटो काढला. मग गोळी घेतली, फोन बंद करून माझ्याकडे दिला आणि बजावलं की आभाळ कोसळलं तरी उठवायचं नाही, ही खाट विकत घेतली आहे.

त्यांनी खिडक्या बंद केल्या. बाहेर लख्ख दिवस होता आणि आत या लोकांनी रात्र करून घेतली. खुर्च्यांच्या खाटा झाल्या, वर गादी अंथरली गेली. माझीही झाली. मी आडवा झालो आणि पाठीला बरं वाटलं, हे खोटं सांगता येणार नाही. मला त्या बरं वाटण्याचाही राग आला. शेजारी मालक घोरत होता. मी मनात मागणं घोकत राहिलो, कधी मराठीत, कधी आमच्या घरच्या बोलीत, एकदा तर इंग्रजीत. पोटात आग पडली होती. मला भीती एवढीच होती की तो झोपेतच लंडनला पोचेल, तिथं मुलगी आणि जावई मधे येतील, आणि मी वाडीला जाऊन सांगेन की तोंड उघडलं नाही.

खिडक्या पुन्हा उघडल्या तेव्हा मी त्याला धरून संडासाला नेलं, परत आणलं, मोजे चढवले. त्याच्यापुढे उतरायच्या आधीचं खाणं आलं. मी उभाच राहिलो. बसलो असतो तर पुन्हा गप्प राहिलो असतो.

"मालक, एक मागणं हाय."

"माग की. कोट पायजे का? लंडनला घिऊ."

"वाडीचं मागणं हाय. वाट उघडा. कुंपण वाटंच्या दोनी अंगाला घाला. जागा तुमची तुमच्याकडंच ऱ्हाईल."

त्यानं पावाला साय लावली, वर मुरंबा लावला. बराच वेळ लावला.

"आभाळात कुणी वाट मागतंय व्हय रे?" मग तो जरा पुढे झुकला, आणि मला वाटतं त्याच्या दृष्टीनं तो माझ्यावर उपकारच करत होता. "तू शिकलाईस. तुला फाटकाची चावी देतो. तू ये, तू जा. बाकीच्यांचं मला सांगू नको."

"आई मोळी घिऊन येती. तिला?"

"तू संगं असशील तवा आण. ही पोरगी बघ, गुडघ्यावर बसून बोलती माझ्याशी. तिला तिची जागा ठावं हाय, म्हणून तिला इमानात नोकरी हाय."

ती तिथंच, हाताच्या अंतरावर उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं, एवढंच बरं.

मी म्हणालो, मला एकट्याला चावी नको.

"मग वढ्यातनं जावा," मालक म्हणाला आणि पडदा वर घेतला.

उत्तर मिळालं होतं. नाही हेही उत्तरच, त्यामुळं आता खायला हरकत नव्हती. मी पाव मागितला. गरम होता. खाताना मला रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पाव चांगला होता, आणि त्यांच्या पावानं मला चांगलं वाटावं याचा मला तिटकारा आला, तरी मी दुसराही मागून खाल्ला.

लंडनमध्ये मालकाच्या मुलीनं मला जिन्याखालची खोली दिली. वाडीत फोनला रेंज नाही. टेकाडावर एका काजऱ्याच्या झाडाखाली उभं राहिलं तर लागतो, पण तिथं कोण कधी जाईल ते सांगता येत नाही. मी रोज फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. वडलांना काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. रिसॉर्टवर वायरचा फोन आहे, तिथून मालकाला त्याच्या मॅनेजरचा फोन यायचा आणि मॅनेजर सगळं ठीक आहे म्हणायचा.

शेवटी एक दिवस वडलांचाच फोन आला, माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवरून. त्यांनी आधी विचारलं, मागणं पोचलं का. मी सांगितलं, पोचलं, मालक नाही म्हणाला. चावीचंही सांगितलं.

"म्हणू दे," ते म्हणाले. "कुंपण सरकवलं आमी. तू इमानात बसलास त्याच दिशी."

वाडीतली सगळी माणसं गेली होती, मालकाकडे कामाला असणारीसुद्धा. एकही तार तोडली नाही. खांब उपटले आणि वाट मधे सोडून दोन्ही अंगांना नव्यानं रोवले, तार ओढून दिली, फाटक उचलून मालकाच्या पडवीला नीट टेकवून ठेवलं. मॅनेजर दुपारपासून मालकाला फोन लावत होता. तो लागेना, आणि मालकाच्या शब्दाशिवाय काय करावं ते त्याला सुचेना. संध्याकाळी त्यानंच सगळ्यांना चहा दिला. मालकाला हे सांगायचा धीर त्याला अजून झालेला नाही.

मी म्हणालो, पण मागणं घातल्याशिवाय हात कसा लावला. वडील म्हणाले, आज्ज्यांनी दुपारपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. मग आज्जाच म्हणाले, उपाशी पोर दुपारच्या पुढं कळ काढायचं न्हाई, आतापतोर इचारलं आसंल, चला. मी घड्याळाचा हिशेब केला. मी विचारलं तेव्हा आमच्याकडे दिवस मावळतीला आला होता. मी ते वडलांना सांगितलं.

"हे आज्ज्याला सांगू नको," ते म्हणाले.

मी विचारलं, मालक परत येऊन पुन्हा कुंपण घालेल तर. ते म्हणाले, घालायला माणसं आमचीच लागणार, आणि एकही जाणार नाही, तसं ठरलं आहे. तो पडवीत बसलेला असता तर हात उठले नसते हेही त्यांनी कबूल केलं. एकदा उठल्यावर मात्र जड गेलं नाही म्हणाले.

वाटेनं आधी कोण गेलं, मी विचारलं. मला वाटलं होतं, मुलं, किंवा आज्जा.

"म्हशी," वडील म्हणाले. "खांब रवायचंच हुतं अजून. त्या मधनंच गेल्या सरळ."