रुमाल झटकला की दोर सोडायचा

तोंडात माती. दाताखाली कचकच. डोळे उघडले तर समोर साहेबाचे पांढरे बूट. आधी साहेब हसला, मग स्टाफ हसला, मग आमची माणसं हसली. आमच्यांचं हसणं जास्त लागलं.

चिकलठाण्याच्या कारखान्याचा वर्धापनदिन होता. दरवर्षी मैदानात मैत्रीपूर्ण रस्सीखेच. एकीकडं ऑफिसचा स्टाफ, पुढं साहेब, दुसरीकडं आम्ही आठ कामगार, दिवसभर लोखंड उचलणारे. मी नवा, कंत्राटी. सख्ख्या मामानं चिकटवलेला. महिनाभरात कायम करतो, असा शब्द मिळालेला. सगळ्यांत मागं मी, दोराचं टोक कमरेला गुंडाळून.

शिट्टी वाजली. ओढलं. स्टाफ घसरत आला. साहेबाचा बूट रेघेला टेकला. तेवढ्यात आमच्या सुपरवायझरनं रुमाल झटकला आणि माझ्या पुढच्या सातही जणांनी, मामासकट, दोर सोडून दिला. एकदम. मी एकटाच धरून. पालथा पडलो, फरफटत रेघेपार गेलो. तळहातांची सालटं निघाली.

मामानं उठवलं. "दोर का नाय सोडला रं?"

"जिंकत होतो की, मामा!"

"रुमाल दिसला नाय? लई वर्षांची रीत हाय. सांगावं लागतंय व्हय?"

मग माईकवर साहेब. "हरण्यातून माणूस नम्र होतो. नम्रता शिका." टाळ्या. सगळ्यांत मोठ्या आमच्याच.

हरलेल्यांनी जिंकलेल्यांना वाढायचं, त्यांची उष्टी ताटं उचलायची, हीसुद्धा रीतच. खेळाचा भाग म्हणे. मी जिलबी घेऊन गेलो. साहेबानं माझे हात पाहिले.

"हात धुऊन ये आधी. रक्त लागेल."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "राहू द्या सर, रंग चांगला येईल." पंगत हसली.

जेवण झालं. साहेबानं बोटानं ताट दाखवलं. मी उभाच.

"उचल."

"नाही उचलणार. मी दोर सोडला नव्हता."

साहेब पुढं माझ्याशी बोललाच नाही. मामाकडं वळला. "तुमचा भाचा ना हा? शिकवायचं राहिलंय वाटतं."

मामा आला. साहेबाचं ताट उचललं. वर माझ्या वतीनं माफी मागितली. मी त्याचे तळहात पाहिले. एक ओरखडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड काढून घेतलं.

मामाला दोष दिला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. दिला. कित्येक महिने त्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही. मग युनियनची पत्रकं वाटायला लागलो, गेटागेटावर उभा राहिलो, आणि प्रत्येक कारखान्यात कुणी ना कुणी रुमाल झटकणारा दिसला. सोडणारे हात मामाचेच नव्हते.

आणि साहेबाची नम्रता? तो आजवर एकदाही हरलेला नाही. शिकणार कशातून? शिकायची संधी आम्हीच त्याला कधी दिली नाही. ती आमची चूक. सुधारतोय.

वर्धापनदिन जवळ आलाय. मला आत घेणार नाहीत. मी फाटकाबाहेर उभा राहीन. आत आठ जण दोर धरतील. त्यांतल्या पाच जणांशी बोलून झालंय. रुमाल झटकला तरी सोडणार नाहीत. तिघं उरलेत. त्यांत मामा आहे.

त्याच्याकडं उद्या जातोय. पाणी मागेन. मग त्याला हात पुढं करायला लावीन, माझ्या तळहातांशेजारी.