गस्तीच्या बोटीची दोन इंजिनं

मुंबईच्या एका भंगारवाल्यानं मला फसवलं. सांगलीच्या हळदबाजारात ते कुणाला जमलं नव्हतं. पोती वाहता वाहता मी अडत्या झालो होतो.

बोट एका शेटजींची, सहलीची. एकाहत्तरच्या युद्धात नौदलानं ती घेतली, राखाडी रंग फासला, वर मशीनगन बसवली आणि बंदराच्या तोंडाशी गस्तीला लावली. युद्धानंतर ती मोडीत निघाली आणि त्या भंगारवाल्याकडं आली. पुढं दुष्काळ पडला. मला तिची दोन्ही इंजिनं हवी होती: एक माझ्या कृष्णाकाठच्या उसाला, दुसरं जतला दिलेल्या बहिणीच्या विहिरीवर. तिला तसा शब्द दिला होता.

भंगारवाल्यानं एक इंजिन सुरू केलं. पहिल्याच फेऱ्यात धडधडलं.

"आणि दुसरं?"

"याचाच जुळा भाऊ, शेठ!"

मी मान डोलावली. ढिगातलं एक हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा आणि सगळा ढीग घ्यायचा, ही आमची रीत. तीच मी तिथं लावली.

घरी मिस्त्रीनं दुसरं इंजिन उघडलं. आत पिस्टनच नव्हते. नौदलातून परतलेला शेजारी बघायला आला आणि हसला.

"आवं, समुद्रात एक बिघडलं की त्याचं काढून दुसऱ्याला लावायचं. गस्त थांबवून कसं चालंल?"

नौदलावर माझा राग नाही. त्या पोकळ खोक्यानं देशाचं काम केलं. पण व्यापाऱ्याला सगळं ठाऊक होतं.

बहीण इंजिन न्यायला ट्रक घेऊन आली. खोक्यात डोकावून म्हणाली, "दादा, हळकुंड मोडून इंजिन घेतलंस व्हय रं?"

मी तिच्यावर ओरडलो. मग चालू इंजिन तिच्याच ट्रकात चढवलं. माझा ऊस वाळला, तो मी जनावरांना घातला.

तिच्या विहिरीच्या तळाशी थोडं पाणी होतं, ते वर आलं. महिन्याभरानं गेलो तर मका गुडघ्याएवढा झाला होता आणि आळीतल्या बायका पाटावर घागरी भरत होत्या. राखाडी रंगाचं इंजिन कडेला धडधडत होतं. पुढल्या साली पाऊस पडला आणि मीही पुन्हा ऊस लावला.

पण रिकामं खोकं अजून माझ्या वखारीच्या दाराशी आहे. त्या व्यापाऱ्यानं इथं यावं, माझ्या बहिणीसमोर उभं राहावं आणि सांगावं: आत काही नाही हे ठाऊक असताना त्याला जुळा भाऊ म्हणायला तुझी जीभ कशी रेटली?