आईचा गुडघा आणि माझी चोख तयारी

आता फजिती सांगायला बसलोच आहे, तर एक अट. हसा, पण माझ्या आईसमोर हा विषय काढायचा नाही. कबूल? ओता मग चहा.

आईचा गुडघा बदलायचा ठरला. वय चौऱ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, "सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी." मी उडालोच! "डॉक्टर, आमचा मिक्सर दुरुस्तीला दिला तरी चार दिवस लागतात हो!"

"पण घर तयार हवं," ते म्हणाले. "तयारी नसेल तर सोडणार नाही."

आणि आईला दवाखान्यात मुक्काम नकोच होता. वडील दवाखान्यातच वारले तेव्हापासून तिथल्या खाटेचा तिने धसका घेतलाय. "मी मन्हा घरमाच निजसू," तिने एकदाच सांगितलं. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर!

मी भूगोलाचा मास्तर. फिजिओथेरपीच्या मॅडमनी ऑपरेशनआधी पेशंट आणि घरचा एक माणूस, अशांचा वर्ग घेतला, त्यात मी पहिल्या बाकावर. वाटेत पायपुसणं नको, सतरंजी नको, वायर नको. हात असलेली उंच खुर्ची. कमोडवर उंच सीट. लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. मी बठ्ठं, अगदी सगळं, लिहून घेतलं.

पिंप्राळ्याचं आमचं घर मी उलटंपालटं केलं. सतरंज्या माळ्यावर टाकल्या. आईच्या हॉलमधल्या खाटेपासून बाथरूमपर्यंत चक्क खडूने वाट आखली. बायको, म्हणजे सुनंदा, बादली घेऊन त्या वाटेवर उभी राहिली तर मी शिट्टी फुंकली. हो, शाळेतली! घराचा व्हिडिओ पाहून मॅडम म्हणाल्या, "सर, इतकी चोख तयारी मी कुणाकडे पाहिली नाही." आता सांगा, माणूस फुगणार नाही का?

ऑपरेशन झालं. दुपारी आईला उभी केली आणि संध्याकाळी ती खरंच घरी आली. सकाळी बसवलेला गुडघा, आणि ही बाई वॉकर धरून माझ्या खडूच्या वाटेने खाटेपर्यंत चालत गेली! माझे डोळे भरून आले. हात डॉक्टरांना जोडावेत की आईला, कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भडगावहून फोन. धोंडूनाना, वडिलांचे चुलतभाऊ. 'मास्तरकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालं' एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं. "आम्ही दहा जन गाडी करीसन निघनूत!"

दहा जण! खुर्च्या चार. आजाऱ्याला भेटायला माणसं आली आणि सतरंजी अंथरली नाही, असं आमच्या खान्देशात कधी झालंय का? मी माळ्यावरची मोठी सतरंजी काढली आणि हॉलभर पसरली. बरोब्बर खडूच्या वाटेवर.

आई खुर्चीतून म्हणाली, "भाऊ, मॅडमनं काय सांगेल व्हतं?"

"आई, तू उठशील तेव्हा गोळा करतो ना!"

केलीसुद्धा. सुनंदा तिला बाथरूमला घेऊन गेली तेवढ्यात मी परत पसरू लागलो, आणि मागे सरकताना घडीत पाय अडकला. धाड! गुडघा फरशीवर. आईला नीट बसवून सुनंदा धावत आली. तिने मला आईच्या खाटेवर आडवं केलं, आईचीच बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि ती परत आईकडे पळाली.

आणि दारात नाना!

"अरे मास्तर! इतला कमी वयमा गुडघा गया?"

सांगायला हवं होतं मी. पण दहा माणसांसमोर कोणत्या तोंडाने सांगू? मी कण्हलो फक्त. नानांनी केळीची फणी माझ्या उशाशी ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"कव्हय व्हयनं ऑपरेशन?"

"काल." खोटं आहे का?

"अन् दुखस का?"

"खूप." हेही खरंच! एका काकूने तर डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात आई वॉकर टेकत बाहेर आली. नाना गहिवरले. "देखा! बिचारीना हातमा वॉकर शे, तरी पोऱ्यानी सेवा करी राहिनी!"

आई थांबली. केळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नाना, ऑपरेशन मन्हं व्हयनं. हाऊ तं सतरंजीमा पाय अडकीसन पडना."

पुढचं हसणं मी सांगत नाही. पण हसता हसता नानांनी स्वतः सतरंजी गुंडाळली. दहाही माणसं भिंतीला टेकून उभी राहिली आणि आई मधून चालत गेली. आधी वॉकर, मग नवा गुडघा, मग जुना. ती खुर्चीत बसली तेव्हा नानांनी हात जोडले. मीही जोडले, खाटेवरूनच.

अकराला तपासायला मॅडम आल्या. आईने दहा वेळा गुडघा वाकवून दाखवला. मग त्यांनी माझाही वाकवून बघितला. मी तिसऱ्या वेळेलाच ओरडलो.

मॅडमनी आईच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या. 'पेशंटची प्रगती उत्तम. घरच्या माणसाला एकटं सोडू नये.'