उलटा कागद धरणारे वामनकाका

वामनकाका सरवदे कुठलाही कागद आधी उलटा धरायचे. लग्नपत्रिका असो, पावतीपुस्तक असो, नाहीतर मोंढ्याच्या बाजारातलं हँडबिल. डोकं खाली, पाय वर. मग डोळे बारीक करून म्हणायचे, "वाचायला लागलं की दिसत न्हाई बाई. आधी बघावं, मंग वाचावं." अंबाजोगाईच्या आमच्या छापखान्यात त्यांनी उभा जन्म शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. खिळे उलटेच वाचायचे असतात, त्यामुळे त्यांना सरळ कागदाचाच जरा संशय यायचा.

मी तिथे गेले ती कॉम्प्युटरबरोबर. डीटीपीचा कोर्स केलेला, जवळ साठ फॉन्ट आणि डोक्यात हवा. मालकांनी खिळे भंगारात काढले आणि काकांना माझ्या शेजारी प्रुफं तपासायला बसवलं. त्यांनी चुका काढल्याच, पण त्याआधी माझ्या पत्रिकेवरची वेलबुट्टी, तोरण आणि दोन मोर काढायला लावले. एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं, "एवढा कागद कोरा कावून सोडला?" काका सांगायचे, "कोरी जागा म्हंजी वाचनाऱ्याला हातरलेली सतरंजी हाय. बसू द्या की त्याला."

हा वाचणारा त्यांच्या मनात एकच होता: घाटनांदूरची त्यांची थोरली बहीण, शेवंताअक्का. ती शाळेत कधी गेली नाही. काकांनी घरी नेलेल्या बिघडलेल्या छपाईवर बोट ठेवून ती एकेक अक्षर लावायला शिकली. आमच्याकडचं प्रत्येक काम शेवटी तिच्यापाशी येऊन थांबायचं. "अक्काला एकटीला वाचता आलं पायजे. कुनाला इचारायची पाळी येऊ नये."

एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या नेत्रशिबिराचं हँडबिल होतं. कार्यकर्त्यानं नावांची यादी दिली आणि मी ती मानपानाप्रमाणे लावली: साहेब सगळ्यात मोठे, मग त्यांच्याखालचे, मग त्यांच्याही खालचे. तारीख आणि ठिकाण तळाशी कसंबसं कोंबलं. काकांनी कागद उलटा केला. "मुंग्या लागल्यावानी दिसायलंय," म्हणाले. मग माझ्याकडून दिवस, वेळ आणि जागा तीन ओळींत ठसठशीत करून घेतली आणि साहेबांसकट सगळी मंडळी खाली बारीक अक्षरांत बसवली.

कार्यकर्ता आला आणि भडकलाच. "ओ सरवदे, सायबाचं नाव इतकं बारीक?"

"शिबिर डोळ्याचं हाय ना?" काका म्हणाले. "ज्याला दिसत न्हाई, त्याचं मोठं टाकलं. सायबाचे डोळे चांगले हायेत."

त्या माणसाला हसावं की चिडावं ते कळेना. मालकांचा चेहरा मात्र पडला. हँडबिलं गेली, पण त्यांचं पुढचं काम परळीच्या छापखान्याला गेलं. काकांना त्याचं काही नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी लाजही.

पुढे छापखाना बंद झाला. मी घरून वेबसाइट करायला लागले आणि लाज विसरले. एका दवाखान्याचं नंबर लावायचं पान केलं: पांढऱ्यावर फिकट करडी, नाजूक अक्षरं. काम देणारी पुण्याची माणसं वा वा म्हणाली. काकांना दाखवायला गेले. त्यांनी मोबाइल उलटा धरला, तर पानही फिरून सरळ झालं. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. "हे लई शानं हाय, उलटं हुऊच देत न्हाई." मग त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला, पलीकडून माझ्या बाजूला आले, उभ्या उभ्या वाकून उलटं पाहिलं आणि विचारलं, "अक्का कुठं दाबंल?" मला राग आला. घरी येऊन अक्षरं काळी केली, बटण मोठं केलं.

त्या दिवशी मी निघताना ते म्हणाले होते, "मी गेल्यावर माझं कार्ड बी तूच करशील. माझं नाव बारीक टाक. लोकांला मी थोडाच सापडनार हाय? हॉल सापडला पायजे."

या हिवाळ्यात ते गेले. त्यांचा मुलगा सिद्धार्थ पुण्यानुमोदनाचं, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाचं, मोबाइलवर पाठवायचं कार्ड करून घ्यायला माझ्याकडे आला. त्याला वडिलांचा मोठा फोटो हवा होता, सोनेरी नाव हवं होतं, खाली सगळे नातेवाईक हवे होते. काकांचं बोलणं सांगितलं तर त्याचे डोळे भरले. "ताई, बापाचं नाव बारीक टाकू?" खरं सांगते, मलाही मोठंच टाकायचं होतं. तसंच केलं. मग मोबाइल टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं पलीकडे जाऊन उभे राहिलो. फोटो दिसत होता. हॉल कुठेच दिसत नव्हता. सिद्धार्थ म्हणाला, "बदला, ताई."

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सतरंज्या घालत होतो, तेवढ्यात दारात शेवंताअक्का उभी. काठी एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. सिद्धार्थ धावला. "आत्या, गाडी पाठवनार होतो की! कोनासंगं आलीस?"

"कोनासंगं म्हंजी? एसटीनं आले," ती म्हणाली. "ह्याच्यात समदं लिव्हलंय. वाचत आले, कुनाला इचारलं न्हाई." मग तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि कार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. "त्याचं नाव लई बारीक हाय. पर वाचलं मी."